रहाटाचे दाते

म्हसळ्याहून दिवेआगर-श्रीवर्धनकडे उतरलं की भातखाचरं मागे पडतात आणि सुपारीच्या वाड्या लागतात. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख जंजिऱ्याच्या नबाबाचा. इंजिनं आणि विजेचे पंप येईपर्यंत इथलं शिंपणं रहाटावर चाले.

त्याआधीच्या युक्त्या साध्या होत्या. ओकती म्हणजे खांबावर पेललेला लांब सोट, एका टोकाला दगड, दुसऱ्याला पोहरा, शुद्ध तरफ. पायरहाटात चाक आलं आणि गाडग्यांची माळ आली, पण ते फिरवायला माणसालाच बसून पायांनी रेटावं लागे. बैलाला हे काम देता येईना, कारण बैल फिरणार जमिनीवर आडवा आणि माळेचं चाक विहिरीवर उभं. ही अडचण सोडवली दात्यांनी. बैलाच्या जोखडाला बांधलेल्या दांड्याने आडवं चाक फिरतं, त्याचे लाकडी दाते उभ्या चाकाच्या दात्यांत अडकतात आणि गती काटकोनात वळते. मला रहाटाची खरी करामत इथेच वाटते. माळेचं कौतुक जरा जास्तच झालं आहे.

माळेचा हिशेब तरी सोपा आहे. उतरती रिकामी गाडगी चढत्या गाडग्यांचं वजन तोलतात, उरतो तो पाण्याचा भार. समजा चढत्या बाजूला तीन-तीन लिटरची आठ गाडगी आहेत, म्हणजे २४ किलो. माळेच्या चाकाची त्रिज्या ६० सेंटिमीटर, बैल मध्यापासून २.४ मीटरवर आणि दोन्ही चाकांना दाते सारखे, तर बैलाला ओढावा लागतो अवघा सहा किलोंचा जोर. लाकडावर लाकूड घासतं, ते धरून बराच जास्त म्हणा. कुरकुर ऐकू येते ती त्याचीच. बैल सोडला की भरली गाडगी चाक उलटं फिरवू पाहतात, म्हणून दात्यांत अडणारी खुंटी लागते.

हे दाते आले कुठून? पंचतंत्रातला गंगदत्त बेडूक विहिरीतून बाहेर पडतो तो गाडग्यांच्या माळेवर चढून, म्हणजे माळ आपल्याकडे जुनीच. पण इतिहासकार इरफान हबीब यांनी १९६९ साली मांडलं की जुन्या संस्कृत उल्लेखांत दात्यांची चाकं दिसत नाहीत. ती बहुधा तुर्कांबरोबर आली. सोळाव्या शतकात बाबराने आत्मचरित्रात लाहोर-सरहिंदकडच्या रहाटाचं वर्णन केलं आहे, त्यात मात्र दात्यात दाता अडकलेला स्पष्ट आहे. त्याच्याही फार आधी, इसवी सनापूर्वीच्या अलेक्झांड्रियातल्या एका थडग्याच्या भिंतीवर असा रहाट ओढणारे बैल रंगवलेले सापडले आहेत. आपल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत आऱ्यांत पारा भरून आपोआप फिरणारं चाक सांगितलं. बैलाची वैरण वाचली असती, पण ते काही फिरायचं नाही.

देशावर रहाट फारसा रुजला नाही, तिथे मोटच चालली. विहीर खोल झाली की माळ लांबते, ओली दोरखंडं जड होतात, कणा रुततो. इकडे समुद्रालगत पाणी वरच लागतं, माळ आखूड पुरते. शिवाय सुपारीला एकदम लोंढा नको असतो. पन्हळीतून पाटात आणि पाटातून आळ्यात, बारीक आणि अखंड धार हवी. मोटेचं पाणी खेपेखेपेने येतं. रहाटाचं पहिलं गाडगं रितं होतं न होतं तोच दुसरं कलंडतं.