तीन शाहीर, एक डफ

कामगार चळवळीचा इतिहास सांगताना संप आणि करार यांचीच गणती होते. संपाआधी माणसे एका जागी कशी बसली, हे कोणी सांगत नाही. म्हणून आम्ही आज लाल बावटा कलापथकाचा विषय घेतला आहे.

1944 साली मुंबईत हे पथक उभे राहिले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर हे त्याचे तीन खांब. अण्णा भाऊ वाटेगावच्या मांगवाड्यातले, शाळा नावापुरती. 1943 च्या स्टालिनग्राडच्या पोवाड्याने ते नावारूपास आले होते. अमर शेख बार्शीचे गिरणी कामगार, आवाज पहाडी.

जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याच्या शेतकरी परिषदेत ‘अकलेची गोष्ट’ झाली. अण्णा भाऊंनी गणातल्या गणपतीच्या जागी मातृभूमीला आणि श्रमिकाला वंदन आणले. गौळणीला फाटा दिला. ढाचा तमाशाचाच ठेवला, म्हणून खेड्यातला माणूस बिचकला नाही. पत्रक वाचायला अक्षर लागते, वगाला नुसते कान पुरतात. जिनिंग-प्रेसिंगच्या फाटकावर गेटसभा घेताना आम्हांला याची प्रचीती आली आहे. मोझरीच्या तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्यांनी ऐकली, त्या वऱ्हाडातल्या वडीलधाऱ्यांना तर हे सांगायलाच नको.

मग फुटले का? स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. (वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होते.) अण्णा भाऊंनी त्याच खेळाला लोकनाट्य म्हटले आणि वाट काढली. परंतु 1948 मध्ये कम्युनिस्ट पक्षाने उठावाचे धोरण धरले, सरकारने धरपकड केली. पक्षाच्या आधारावर चालणारे पथक त्यात कसे टिकावे? पुढे अमर शेखांनी स्वतःचे कलापथक काढले, अण्णा भाऊ कथा-कादंबरीकडे वळले. 1959 साली ‘फकिरा’ आली. लिव्हरपूलचे बीटल्स 1970 मध्ये फुटले, त्यावर पुस्तकांचा ढीग आहे. आमच्या शाहिरांची फारकत मात्र दोन ओळींत उरकली जाते. आमचे मत स्पष्ट आहे : चळवळीने गाणाऱ्याकडून गर्दी घेतली, त्याच्या चुलीची चौकशी केली नाही. हा दोष सरकारच्या माथी मारून आम्हां संघटनावाल्यांना सुटता येणार नाही.

तरी 1956 च्या सुमारास संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून हेच शाहीर पुन्हा गाजले. ‘माझी मैना’ या लावणीत अण्णा भाऊंनी गावी राहिलेल्या कारभारणीच्या विरहातून सीमाभागाचे दुःख मांडले. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि 1960 मध्ये महाराष्ट्र झाला.

18 जुलै 1969 रोजी अण्णा भाऊ मुंबईत वारले. अखेरचे दिवस हलाखीत गेले. त्यानंतर बेचाळीस दिवसांनी, 29 ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले.