बग एक, नावं दहा

१९९९ च्या आधी सिक्युरिटी टूल्सची गंमत बघा: बग एकच, पण प्रत्येक टूलमध्ये त्याचं नाव वेगळं. दोन रिपोर्ट जुळवायचे कसे? मग माइटर संस्थेने सीव्हीई यादी काढली. सुरुवातीला ३२१ नोंदी, प्रत्येकीला स्वतःचा नंबर.

नावाचा घोळ मिटला, पण रिपोर्टचा साचा ज्याचा त्याचा. म्हणजे दर टूलसाठी नवा पार्सर लिहा! २०२० मध्ये ओएसिसने सॅरिफ २.१.० हे स्टँडर्ड मंजूर केलं. आता बाहेरच्या स्कॅनरची सॅरिफ फाइल गिटहबवर चढवली, की इशारा थेट कोडच्या त्या ओळीवर दिसतो.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेलने झोप उडवली, तेव्हा जगभर एकच नंबर शोधला जात होता: सीव्हीई-२०२१-४४२२८. दहा नावं असती, तर पॅच लावण्याआधी नावं जुळवण्यातच रात्र गेली असती!