वाळूंतला चेंडू

गोल्फमध्यें वाळूच्या खड्ड्यांत रुतलेला चेंडू बाहेर काढणें ही खेळाडूची खरी कसोटी होय. पूर्वी यासाठीं ‘निब्लिक’ नांवाची लोखंडी डोक्याची काठी वापरीत. तिची पातळ धार वाळूंत खोल शिरे आणि किंचित् चूक झाली तरी फटका वायां जाई. पुढें खोलगट मुखाची काठी निघाली. बॉबी जोन्स यानें ती १९३० सालीं हॉयलेक येथील ब्रिटिश ओपन स्पर्धेंत वापरली. परंतु असें मुख एकाच फटक्यांत चेंडूला दोनदां लागतें, या आक्षेपामुळें १९३१ सालीं तिला मनाई झाली.

जीन सारझेन या अमेरिकन खेळाडूनें मुख सोडून तळाकडे लक्ष दिलें. निब्लिकच्या तळाला मागल्या बाजूस धातूचा थर डाखून त्यानें मागची कड पुढच्या धारेहून खालीं आणली. आतां काठी वाळूंत न रुततां घसरत जाई आणि चेंडूखालची वाळूच चेंडूला उचलून बाहेर टाकी. १९३२ सालीं सारझेननें इंग्लंडांतील प्रिन्सेस मैदानावर तीच स्पर्धा २८३ फटक्यांत जिंकली.

चेंडूला फिरकी देणाऱ्या मुखावरील खांचांवर २०१० सालीं नवीं बंधनें आलीं. सारझेनचा जाड तळ मात्र आजच्या ‘सँड वेज’मध्यें कायम आहे. चेंडूला धरूं पाहणारें मुख नियमांनीं नाकारलें. खेळाडूची चूक पोटांत घालणारा तळ मात्र त्यांनीं मान्य केला.