धूर की धुकं? छळ सोसलेलं मूल आणि स्वमग्नतेचं निदान

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मग आज वाडीत मुलांच्या निदानाचा इतिहास कशाला? तर निदान हेही शेवटी अनुमानच असतं, म्हणून.

पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातलं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. पण दिसलं ते धुकं असेल तर? शिवाय एखादी खूण कारण असताना दिसते आणि नसतानाही दिसते, तेव्हा नैयायिक तिला सव्यभिचार हेतू म्हणतात. तिच्यावरून काही सिद्ध होत नाही.

काही वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका बालगृहात आम्ही सहा-सात वर्षांचा एक मुलगा पाहिला. नजरेला नजर देत नव्हता, हाकेला वळत नव्हता, ताटली वाजवत एकटाच बसायचा. एक जण म्हणाले, "हा स्वमग्न आहे." दुसरे म्हणाले, "मार खाऊन असा झालाय." त्याची पहिली तीन वर्षं दोघांनाही ठाऊक नव्हती.

हा वाद जुना आहे, बरं का. 1943 मध्ये लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन करून 'ऑटिझम'ला वेगळं स्थान दिलं. हे जन्मजात असावं, असं तेच म्हणाले. पण आईबापांच्या कोरडेपणाचाही उल्लेख करून गेले. पुढे लोकांनी तेवढंच उचललं. 1967 मध्ये ब्रुनो बेटलहाइम यांच्या पुस्तकाने आयांच्या माथी दोष पक्का मारला. बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 मध्येच याला विरोध केला होता. ते स्वतः अशा मुलाचे वडील. 1977 मध्ये फोलस्टीन आणि रटर यांनी जुळ्यांच्या 21 जोड्या अभ्यासून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवला. आया सुटल्या.

पण लंबक दुसऱ्या टोकाला गेला. मेंदूची घडणच वेगळी, मग घरात काय घडलं ते कशाला विचारायचं?

उत्तर रोमानियातून आलं. 1989 नंतर तिथल्या अनाथालयांची दारं उघडली. ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या 111 मुलांचा रटर यांच्या गटाने अभ्यास केला. 1999 च्या निबंधानुसार त्यांतल्या सुमारे 6 टक्के मुलांत चौथ्या वर्षी स्वमग्नतेसारखीच लक्षणं होती. सहाव्या वर्षापर्यंत त्यांच्यात बरीच सुधारणा दिसली. नेहमीच्या स्वमग्नतेत इतकी दिसत नाही. तरी काहींच्या अडचणी पुढेही टिकल्या. म्हणजे टोकाची आबाळ स्वमग्नतेसारखं चित्र उभं करू शकते, आणि फरक एका भेटीत नाही, काळ गेल्यावर कळतो.

आता आपल्याकडे या. केंद्र सरकारच्या 2007 च्या पाहणीत 13 राज्यांतली 12,447 मुलं होती. दर तीनांतल्या दोघांनी शारीरिक छळ सोसला होता. 2009 मध्ये सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने स्वमग्नतेची भारतीय मापनश्रेणी तयार केली. 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, 70 च्या पुढे स्वमग्नता. उपयोगी साधन आहे. पण ते आईबापांकडून माहिती मिळेल असं धरून चालतं. बालगृहातल्या मुलाबद्दल कोण सांगणार?

चूक दोन्हीकडून महाग पडते. छळाला स्वमग्नता म्हटलं, तर मारणारा सुटतो. स्वमग्नतेला नुसता छळाचा परिणाम म्हटलं, तर मूल शिक्षणाला, उपचाराला, प्रमाणपत्राला मुकतं. आणि बघा, दोन्ही एकत्रही असतात. अपंग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे साडेतीन पट जास्त, असं 2012 च्या एका मोठ्या आढाव्यात आढळलं. जे मूल सांगू शकत नाही, त्याला मारणं सोपं असतं.

मग पाहायचं काय? नजर चुकवणारं मूल मोठ्यांच्या चेहऱ्याकडे हळूच लक्ष ठेवून असतं का? मोठा आवाज झाला की दचकतं, की कुठलाही आवाज त्याला सारखाच सहन होत नाही? भाकरी उशीखाली लपवतं, की ठरलेल्या ताटलीशिवाय जेवतच नाही? एकेका खुणेने निकाल लागत नाही, सगळ्या मिळून दिशा दिसते. गावच्या अंगणवाडी सेविकेला, भावंडांना विचारा. मेळघाटातलं मूल असेल, तर कोरकू बोलणारा माणूस आधी शोधा. गप्प राहणं हे भाषेचंही असू शकतं. ओळखीच्या माणसाजवळ, काही महिन्यांनी, पुन्हा पाहा.

त्या मुलाचं निदान काय ठरलं, हे विचाराल. आम्ही तिथे होतो तोवर ठरलं नव्हतं. पण स्वयंपाकघरातल्या एका मावशी रोज त्याच्याशेजारी बसून ताटली वाजवायच्या. तिसऱ्या आठवड्यात त्या थांबल्या, तेव्हा त्याने वर पाहिलं. हीही खूणच, निकाल नव्हे. पण कागदावर ती कुणी लिहिलेली नव्हती, आणि आमची तक्रार तेवढीच आहे.