तलवारीवर नाव कोणाचं? सामुराईंची कताना आणि नागपूरकरांची फिरंग

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या एका लिलावात नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार विक्रीला निघाली. महाराष्ट्र शासनाने ती मध्यस्थामार्फत घेतली. सगळा खर्च धरून साधारण ४७ लाख १५ हजार रुपये लागले आणि १८ ऑगस्टला तलवार मुंबईत पोचली. त्या दिवसांत आमच्या कोंढ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य फिरत होतं : "मराठे म्हणजे भारताचे सामुराई." कोंढा-पवनीचा हा वैनगंगेच्या खोऱ्यातला भाग भोसल्यांच्याच राज्यातला, त्यामुळे अभिमान वाटणं साहजिक आहे.

पण संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रांनो, "अमके म्हणजे आपले तमके" असं वाक्य दिसलं की जरा थांबायचं. दोन समाजांची तुलना करायची तर दोघांकडची एकच गोष्ट निवडायची आणि तिला एकच प्रश्न विचारायचा. आज आपण तलवार घेऊ. प्रश्न असा : तिच्यावर नाव कोणाचं आहे, आणि ते कुठे लिहिलंय?

आधी वस्तू समजून घेऊ

मी मूळचा विज्ञानाचा विद्यार्थी, म्हणून सुरुवात लोखंडापासून. जपानी कारागीर लोहवाळू आणि कोळसा मातीच्या मोठ्या भट्टीत सलग तीन दिवस-रात्र जाळून पोलाद काढत. या भट्टीला 'तातारा' म्हणतात. ते पोलाद तापवायचं, ठोकायचं, घडी घालून परत ठोकायचं. त्यामुळे मळी निघून जाते आणि कार्बन सगळीकडे सारखा पसरतो.

खरी गंमत पुढे आहे. तयार पात्यावर मातीचा लेप देतात, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. मग पातं लालबुंद तापवून पाण्यात बुडवतात. धार झटकन थंड होते आणि तिथे मार्टेन्साइट नावाची अतिशय कठीण रचना तयार होते. पाठ सावकाश थंड होते, म्हणून ती चिवट राहते. मार्टेन्साइट जास्त जागा व्यापतं, त्यामुळे धारेची बाजू किंचित फुगते आणि पातं पाठीकडे वाकतं. कतानाचा तो प्रसिद्ध बाक बराचसा इथे येतो. धारेलगत दिसणारी धुक्यासारखी रेघ, 'हामोन', हीही याच प्रक्रियेची खूण. जिला आपण कला म्हणून पाहतो, ती आधी लढाईत न तुटण्याची सोय होती.

मुठीत लपलेली सही

एवढं करून कारागीर आपलं नाव कुठे कोरतो? पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो, त्यावर. मूठ काढल्याशिवाय ते दिसतच नाही.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा यासुत्सुगु हा कारागीर बघा. तोकुगावा इएयासुने आपल्या नावातलं 'यासु' हे अक्षर त्याला दिलं आणि घराण्याचं पानांचं चिन्ह कोरायची परवानगीही दिली. त्याच्या अनेक पात्यांवर आणखी एक गोष्ट कोरलेली असते : हे 'नानबान' लोखंड वापरून केलं आहे. नानबान म्हणजे दक्षिणेकडचे रानटी. १५४३ पासून समुद्रमार्गे येऊ लागलेल्या पोर्तुगिजांना जपानी लोक हाच शब्द लावत. म्हणजे ज्या तलवारीला आपण शंभर टक्के जपानी समजतो, तिच्यावर कारागिराने स्वतःच परदेशी मालाची नोंद केली आहे, आणि तीही मिरवण्यासाठी.

पाठीवरचा सोन्याचा लेख

आता नागपूरची तलवार. पातं सरळ, एकधारी, युरोपात घडवलेलं. मूठ मात्र आपल्याकडची, सोन्याची नक्षी असलेली. पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याच्या पाण्याने लिहिलंय : 'श्रीमंत रघोजी भोसले सेना साहेब सुभा फिरंग'. मुठीजवळ पातं बनवणाऱ्या युरोपीय कारखान्याचंही नाव आहे.

शेवटचा शब्द पाहिलात? फिरंग. फिरंग्यांचं पातं, म्हणून तलवारीचं नावच फिरंग. तिकडे नानबान, इकडे फिरंग. दोन्ही योद्धा समाजांनी परक्याचं पोलाद घेतलं आणि ते लपवलं नाही. साम्य शोधायचंच तर ते इथे आहे, शौर्याच्या घोषणांत नाही.

फरक यापेक्षा महत्त्वाचा. जपानी पात्यावर करणाऱ्याचं नाव आत दडलेलं. आपल्या तलवारीवर बाळगणाऱ्याचं नाव आणि शाहू महाराजांकडून आलेला किताब, तोही उघड. मुळात मराठा शस्त्रांवर नाव किंवा फार नक्षी असणं हेच दुर्मीळ.

असं का? माझ्या मते उत्तर समाजरचनेत आहे. १५८८ मध्ये हिदेयोशीने शेतकऱ्यांकडची शस्त्रं जप्त केली. लढणारा वेगळा आणि कसणारा वेगळा, ही रेघ तिथे पक्की झाली. १६१५ नंतर मोठी युद्धं जवळजवळ थांबली. सामुराई किल्ल्याभोवतीच्या शहरात राहून तांदळाच्या मापात वेतन घेऊ लागला आणि तलवार दर्जाची खूण झाली. तिची पारख करणारं होन'आमी हे घराणं प्रमाणपत्रं देऊ लागलं. १७१९ मध्ये तर शोगुनच्या हुकमावरून नामांकित तलवारींची यादीच तयार झाली. पारखायचं म्हटलं की करणाऱ्याचं नाव मोलाचं ठरतं.

पहिल्या रघुजींचं आयुष्य मात्र मोहिमांत गेलं. १७४० मध्ये कर्नाटकात, मग बंगालवर एकामागून एक स्वाऱ्या आणि १७५१ मध्ये अलीवर्दीखानाशी तह. त्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणणारे शिलेदार होते, सरकारी घोड्यावर बसणारे बारगीरही होते. बंगालमध्ये 'बर्गी' हा शब्द आणि त्याची धास्ती याच बारगिरांमुळे राहिली. दसऱ्याला निघायचं आणि पावसाळ्याआधी घरी परतायचं, ही मराठी फौजांची जुनी रीत. शेत आणि लष्कर यांत जपानसारखी भिंत नव्हती. अशा ठिकाणी तलवार हे हत्यार होतं. तिच्यावर काही लिहिलंच, तर ते धन्याचं नाव.

कागद नसले की काय होतं

जपानमध्ये १८७६ च्या हुकमाने सामुराईंच्या कमरेची तलवार उतरली, तोवर शेकडो तलवारींच्या नोंदी झालेल्या होत्या. आपल्याकडे १८१७ ला सीताबर्डीची लढाई झाली आणि १८५४ ला राज्य खालसा झालं. ही तलवार लुटीत गेली की इंग्रजांना भेट म्हणून, याचे केवळ अंदाज आहेत. लेखातला 'रघोजी' पहिला मानला जातो. पण १७८८ ते १८१६ राज्य करणारे दुसरे रघुजीही सेनासाहेब सुभाच होते. म्हणून नुसत्या नावावरून काळ ठरवू नका. अक्षरांचं वळण, मुठीचा घाट आणि कारखान्याचं नाव, हे तिन्ही जुळवून बघा. आणि मोडी शिका, कारण भोसल्यांच्या कारभाराचे कागद मोडीत आहेत.

शेवटी एक कबुली. लहानपणी खंडेनवमीला ओळखीच्या एका घरची जुनी तलवार मी विटकरीच्या भुकटीने घासून लखलखीत केली होती. शाबासकीही मिळाली होती. जपानमध्ये मुठीच्या आतल्या भागावरचा गंज कधीच काढत नाहीत, कारण त्या गंजाच्या रंगावरूनही पात्याचं वय ताडतात. हे मला खूप नंतर कळलं. मी तेव्हा नेमकं काय पुसलं, ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

येत्या दसऱ्याला गावात जुनं शस्त्र पूजेला निघालं, तर हळद-कुंकू जरूर वाहा. पण घासायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा, पाठीवर आणि मुठीजवळ अक्षरं आहेत का बघा, लांबी मोजून वहीत लिहा. तुमच्या संशोधनाचं पहिलं साधन कदाचित तिथेच, देव्हाऱ्याशेजारी उभं असेल.