'लेट' म्हणजे अडवणे

इंग्रजीतले 'लेट' हे क्रियापद आपण शाळेत फार लवकर शिकतो. 'लेट मी गो', म्हणजे मला जाऊ द्या. पण मंडळी, आपला पासपोर्ट जरा उघडून पाहा. राष्ट्रपतींच्या नावाने त्यात विनंती आहे, की या व्यक्तीला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊ द्यावे. 'लेट' म्हणजे जाऊ देणे असे धरले तर याचा अर्थच लागत नाही! हिंदी मजकुरात मात्र 'बिना रोक-टोक' असे स्वच्छ लिहिले आहे.

जुन्या इंग्रजीत ही दोन वेगळी क्रियापदे होती. 'लॅटन' म्हणजे जाऊ देणे आणि 'लेटन' म्हणजे अडवणे, खोळंबा करणे. आपली गाडी 'लेट' होते ना, तो शब्द या दुसऱ्याचा सख्खा भाऊ. पुढे दोन्ही क्रियापदांचे उच्चार एक झाले आणि एकाच शब्दाला दोन उलटे अर्थ आले.

शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'मध्ये (सुमारे १६००) बापाच्या भुतामागे निघालेल्या राजपुत्राला सोबती धरून ठेवतात. तेव्हा मला 'लेट' करणाऱ्याचा जीव घेईन, असे तो धमकावतो. हा अडवणारा 'लेट'. १६११ च्या किंग जेम्स बायबलात तर दोन्ही नांदतात. प्रकाश होवो, या आज्ञेत पहिला आणि थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात अडवणारा. १८८१ च्या सुधारित नव्या करारात या पत्रातला 'लेट' काढून 'रिस्ट्रेन' घातले.

असा अडवणारा 'लेट' बोलण्यातून गेला आणि 'हिंड्रन्स'चा हात धरून सरकारी कागदात तेवढा राहिला. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून पलीकडे पडला की 'लेट' पुकारतात, तोही बहुधा त्याच घराण्यातला मानतात.

आपण इंग्रजांना हसायचे कारण नाही. अरबीत 'हरकत' म्हणजे हालचाल. आपल्या गवयाच्या गळ्यातल्या हरकतीत ती हालचाल अजून आहे. पण कचेरीत हीच हरकत आडवी येते आणि तिच्यासाठी 'ना हरकत दाखला' आणावा लागतो!

मला यातून एकच सांगावेसे वाटते. अनोळखी शब्द आला की आपण कोश उघडतो, त्यामुळे तो फसवत नाही. फसवतो तो ओळखीचा शब्द. पोथी असो, बायबल असो की आजोबांच्या जमिनीचे खरेदीखत, जुना कागद वाचताना सोपा वाटणारा शब्द आधी तपासावा. नाहीतर लिहिणाऱ्याने 'अडवू नका' म्हटलेले असायचे आणि आपण भलतेच वाचायचो.