बकशॉट (मोठा छर्रा)

12 बोअरसारख्या बंदुकीतून झाडायच्या काडतुसात भरलेल्या शिशाच्या मोठ्या गोळ्या. इंग्रजीत नर हरणाला ‘बक’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. अमेरिकेत बकशॉट आकड्यांनी ओळखतात. सर्वांत प्रचलित आकार ‘डबल ऑट’, म्हणजे दोन शून्ये: व्यास सुमारे 8.4 मिमी, वजन साधारण साडेतीन ग्रॅम. पावणेतीन इंची नेहमीच्या काडतुसात असे नऊ छर्रे बसतात, तेही तीन-तीनच्या तीन थरांत. भारतात ब्रिटिश नावे रुळली आहेत. ‘एसजी’ हा जवळजवळ याच मापाचा, ‘एलजी’ त्याहून थोरला. ‘12 बोअर’ या नावातही शिसेच दडले आहे: नळीच्या व्यासाच्या 12 शुद्ध शिशाच्या गोळ्या मिळून एक पौंड भरतो.

छर्रा गोल करणे ही जुन्या काळची मोठी अडचण होती. साच्यात एकेक गोळी ओतायला वेळ लागे. रॉबर्ट हुक याने 1665 च्या ‘मायक्रोग्राफिया’त एक सोपी रीत नोंदवली आहे: वितळलेल्या शिशात थोडे सोमलयुक्त द्रव्य मिसळायचे आणि चाळणीतून पाण्यात सोडायचे. मात्र हे छर्रे पूर्ण गोल होत नसत. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराच्या विल्यम वॉट्सने पाण्याआधी उंचीचा विचार केला. थेंबाला पडायला पुरेसे अंतर दिले, तर तो हवेतच पृष्ठताणाने गोल होतो, थिजू लागतो आणि खाली पाण्यात पोहोचेपर्यंत आकार धरून राहतो. त्याने 1782 मध्ये पेटंट घेतले आणि आपल्या राहत्या घरालाच मनोऱ्याचे रूप दिले. ती वास्तू 1968 मध्ये रस्तारुंदीकरणात गेली. चेस्टरचा 1799 चा मनोरा मात्र उभा आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा 1828 चा फिनिक्स मनोरा 71 मीटर उंच आहे. मेलबर्नमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांनी तर असा एक मनोरा नक्की पाहिला असेल: मेलबर्न सेंट्रल या बाजारसंकुलाच्या काचेच्या शंकूखालची विटांची उंच इमारत म्हणजे कूप कुटुंबाचा छर्रे पाडायचा मनोराच. बकशॉटचा थेंब मात्र अशा पडण्यात नीट थिजत नाही, म्हणून मोठे छर्रे आजही साच्यात ओततात किंवा शिशाच्या तारेचे तुकडे दाबून घडवतात.

गोल छर्रा नळीतून गोलच बाहेर पडत नाही, आणि बकशॉटची सगळी गुंतागुंत इथे सुरू होते. बार होताच तळचा थर वरच्या थरांच्या वजनाखाली चेपतो. कडेचे छर्रे पोलादाला घासून एका बाजूने चपटे होतात. झाडलेला छर्रा वाळूतून काढून बोटांत फिरवला, की ती सपाट बाजू नखाला लागते. असा छर्रा हवेत सरळ राहत नाही, थव्यातून फुटून बाजूला जातो. उपाय ठरलेले आहेत. शिशात अँटिमनी मिसळून ते कठीण करतात, छर्ऱ्यांवर तांब्याचा पातळ थर देतात, मधल्या पोकळीत प्लॅस्टिकची भुकटी भरतात आणि सगळे छर्रे प्लॅस्टिकच्या पेल्यात ठेवतात, म्हणजे नळीचा स्पर्श टळतो.

नळीच्या तोंडाशी व्यास किंचित कमी केलेला असतो, त्याला चोक म्हणतात. न्यूकॅसलचा डब्ल्यू. आर. पेप याचे पेटंट 1866 चे. पुढे बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरने चोक लोकप्रिय केला. बारीक छर्ऱ्यांची चाचणी 40 यार्डांवर, 30 इंची वर्तुळात होते. त्यात सुमारे 70 टक्के छर्रे बसले तर तो ‘फुल चोक’. हा हिशेब बकशॉटला लावू नये. नऊच छर्रे असले, की एक चुकला तरी अकरा टक्के कमी होतात. शिवाय अरुंद तोंडातून जाताना थोरले छर्रे एकमेकांवर आदळतात, म्हणून पुष्कळ बंदुकांत कमी चोकने छर्ऱ्यांचा झुबका अधिक घट्ट येतो.

म्हणून बकशॉटची चाचणी मोठ्या कोऱ्या कागदावर करतात, बहुधा 25 यार्ड म्हणजे सुमारे 23 मीटरवर. नेम मध्यभागी धरायचा, एक बार काढायचा आणि कागद बदलायचा. मग सर्वांत लांबच्या दोन भोकांमधले अंतर मोजायचे आणि झुबक्याचा मध्य नेमापासून किती सरकला ते पाहायचे. आठ भोके तळहाताएवढ्या जागेत आणि नववे दोन वीत खाली, असे चित्र नवख्याला चक्रावून टाकते, पण ते अगदी नेहमीचे आहे. एका कागदावरून मत बनवू नये, निदान पाच तरी हवेत. खोक्यावर काहीही छापलेले असो, फैलाव हा त्या काडतुसाचा आणि त्या एका नळीचा मिळून असतो. एकाच कारखान्याच्या दोन बंदुका तेच काडतूस वेगळे मांडतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळाही छर्ऱ्यांच्या फैलावावरून अंतर काढताना जप्त केलेली बंदूक आणि त्याच प्रकारचे काडतूस घेऊनच बार काढून पाहतात.

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसे भरण्याला कायद्याने मोकळीक आहे, आणि तिथे हातभरणी हा जुना छंद आहे. हातभरणी करणाऱ्याला आपल्या नळीला मानवणारी जोडणी शोधायची असते, आणि त्या शोधातली चिकाटी कौतुकाची आहे. मात्र तिला एक कठोर मर्यादा आहे. कवच, टोपी, दारू, चकती आणि छर्ऱ्यांचे वजन ही प्रयोगशाळेत दाब मोजून ठरवलेली जोडणी असते. त्यातले एक जरी बदलले, अगदी छर्ऱ्यांतली भुकटी वाढवली, तरी दाब चढू शकतो आणि नळी फुटू शकते. फैलावाचे प्रयोग त्या जोडणीच्या आतच व्हावेत.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिक बकशॉट झाडणाऱ्या विंचेस्टर 1897 बंदुका खंदकांत घेऊन गेले. ओलीने कागदी काडतुसे फुगू लागली, तेव्हा पितळी कवचे करावी लागली. सप्टेंबर 1918 मध्ये जर्मनीने या शस्त्राविरुद्ध रीतसर निषेध नोंदवला, अमेरिकेने तो फेटाळला.

शिशाचे विष हा या विषयाचा सर्वांत गंभीर भाग आहे. पाणथळीतले पक्षी चिखलातले बारीक छर्रे खडे समजून गिळतात, गिधाडे शिकारीच्या अवशेषांबरोबर शिसे खातात. अमेरिकेने 1991 मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसे बंद केले. कॅलिफोर्नियात कोंडोर या दुर्मिळ गिधाडाच्या रक्षणासाठी 1 जुलै 2019 पासून सर्वच शिकारीत शिशाची बंदी लागू झाली. डेन्मार्कने 1996 मध्येच शिशाचे छर्रे बंद केले होते. शिशाऐवजी वापरला जाणारा पोलादी छर्रा चेपत नाही, पण शिशाहून तो बराच हलका असल्याने त्याचा वेग लवकर मरतो.

भारतात शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 ने शिकार बंद केली आहे. पुण्याजवळच्या खडकीचा 1869 चा सरकारी दारूगोळा कारखाना 12 बोअरच्या काडतुसांसाठी ओळखला जातो. कोकणात शेतीसंरक्षणासाठी परवान्याच्या बंदुका आहेत, त्यांत ठासणीच्याही. रानडुकरासाठी रात्री झाडीतल्या हालचालीवर बार काढला आणि सोबतीच गेला, अशा बातम्या तिथून आजही येतात. थव्यातून फुटलेला एसजीचा सुटा छर्रा सहाशे मीटरपर्यंत जाऊ शकतो.